धुण्याचा हिशेब

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आले ते, मडगावच्या गाडीने,
कुडचड्याच्या फलाटावर आपली बॅग आपणच उचलत.
कुलासो सर. बाणावलीच्या शाळेत एकवीस वर्षं पी.टी. शिकवलेले.
अध्यक्षांनी हार आणला होता.
तो त्यांनी गोलपोस्टला अडकवला
आणि विचारलं, कपडे कोण धुतं?

मी हात वर केला.
बारा वर्षांत हा प्रश्न क्लबात कुणी विचारला नव्हता.

घरचा सामना झाला की दुसऱ्या सकाळी, मशीन भरायच्या आधी,
सर पालथ्या बादलीवर येऊन बसायचे
आणि मी एकेक जर्सी उलगडून दाखवायचो,
वाणी कापड दाखवतो तशी.
कुठे किती लाल.
"पाठीवर म्हणजे कुणीतरी पाडला," सर म्हणायचे,
"छातीवर म्हणजे आपण होऊन पडला."
पोईचा तुकडा चहात बुडवत वहीत काहीतरी लिहायचे.

पहिले चार सामने हरलो.
म्हापशाला तीन-शून्य. तिथे मैदान प्लास्टिकचं,
मोज्यांतून नुसते काळे रबराचे दाणे निघाले, वाचण्यासारखं काही नाही.
खाणी थांबल्यापासून क्लबामागे उभे आहेत ते ट्रक,
त्यांच्या टपावर बसून माणसं ओरडायची,
मास्तर आणलाय, म्हणा आता पाढे!

जोव्हियालला बाकावर बसवला त्या दिवशी
पत्र्याच्या छपरावर एक दगड आला.
जोव्हियाल, गेल्या मोसमात अकरा गोल.
त्याची जर्सी मी धुवायचो ती फक्त घामापायी.
हे मी सरांना बोललो नव्हतो हो,
मी फक्त उलगडली होती.
त्याच्या आईने मात्र बाजारात बांगड्यांचा वाटा उचलला
आणि माझ्या अंगावरून गेली, मी खांब असल्यासारखी.

मग बरोबरी. मग एक-शून्य.
मग आणखी एक एक-शून्य, तोही कुणाच्या तरी गुडघ्याला लागून.
टपावरची माणसं खाली उतरून दोरीपाशी उभी राहू लागली.

तुळशीदास वेळीप आमचा डावा बॅक, बार्शेचा, एकोणीस वर्षांचा.
ऑक्टोबरात त्याचा बाप मडगावच्या इस्पितळात होता,
पोरगा रात्रभर बाकड्यावर बसून थेट मैदानात आला.
नव्वद मिनिटं खेळला, कुणाच्या अंगाला लागला नाही.
जर्सी पिशवीतून निघाली ती घडी मोडल्याएवढीच.
मी मागे नळापाशी गेलो,
मूठभर चिखल घेतला,
छातीवर चोळला, शॉर्ट्सवर थोडा. कोपराला विसरलो.

सरांनी ती उजेडात धरली. मग नाकाशी नेली.
"विश्राम, हो चिखल खंयचो?"

आमचं मैदान लाल. नळाखाली काळं, साबणाच्या वासाचं.

मी मशीनचं बटण बघत राहिलो.
सरांनीच जर्सी आत टाकली, झाकण लावलं,
वही खिशातून काढलीच नाही.
रविवारी तुळशीदास खेळला.

डिसेंबरानंतर चिखल संपतो, धूळ सुरू होते.
धूळ खोटी. सगळ्यांवर बसते, राखीव खेळाडूंवरसुद्धा.
तरी सर यायचे, बादलीवर बसायचे,
न बोलता अर्धी पोई माझ्याकडे सरकवायचे.

एप्रिलात आम्ही सातवे.
गेल्या वर्षीही सातवेच होतो.
अध्यक्षांचं पत्र टाईप केलेलं, "आभारी आहोत" खाली रेघ.
पुढच्या साली कुणी पोर्तुगालचा येणार, असं टपावर बोलत होते.

शेवटचा सामना घरचा, दोन-दोन.
सर्वांत शेवटी सर खोलीत आले,
ट्रॅकपँट काढून ढिगावर ठेवली, "ही पण."
दोन्ही गुडघे लाल.
अख्खा मोसम रेघेबाहेर उभा असलेला माणूस.
कधी टेकले असतील? मी तेव्हा बाटल्या मोजत होतो.

दोनदा धुतली. डाग फिकट झाला, गेला नाही.
तिसऱ्यांदा घातली असती तर गेला असता,
पण सरांची गाडी साडेपाचची होती.